गठ्ठाआजीची शिकवणी

गठ्ठाआजीला वाचता येत नाही हे मला कळायला बरीच वर्षं लागली, आणि मी तर तिच्या शेजारच्याच टेबलावर बसत होते. आम्ही दोघी एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला. धुऊन वाळून आलेल्या चादरी ती वॉर्डाप्रमाणे वेगळ्या करायची आणि त्यांचे गठ्ठे बांधायची. त्यातल्या फाटक्या माझ्याकडे यायच्या, मी त्यांना ठिगळं लावायचे. म्हणून ती गठ्ठामावशी आणि मी सुईवाली. खरी नावं फक्त पगाराच्या दिवशी पुकारली जायची, तीही चुकीची.

प्रत्येक चादरीवर वॉर्डाचं नाव लिहिलेलं असायचं, धुतली तरी न जाणाऱ्या शाईने. बाळंतिणींचा वॉर्ड निळा, डाव्या कोपऱ्यात. शस्त्रक्रियेचा लाल, उजव्या कोपऱ्यात. शवागाराचा काळा, काठाला मधोमध. मावशी चादर झटकायची, एक नजर टाकायची आणि चादर बरोबर आपल्या ढिगावर जाऊन पडायची. तिच्या हाताला वेग असा की नव्या आलेल्या पोरी आ वासून बघत राहायच्या. मी मनात म्हणायचे, या बाईचं वाचन काय दांडगं आहे.

मग एक नवा सुपरवायझर आला. नव्या माणसाला काहीतरी बदलल्याशिवाय जेवण जात नाही. त्याने ठरवलं की सगळ्या चादरींवर एकच काळी शाई आणि सगळी नावं एकाच कोपऱ्यात, म्हणजे कसं सुटसुटीत. आठवडा जेमतेम गेला असेल, आणि शवागाराच्या चादरींचा आख्खा गठ्ठा बाळंतिणींच्या वॉर्डात पोचला. चादरी स्वच्छ धुतलेल्या, इस्त्री केलेल्या होत्या हो, पण एका बाळंतिणीने बाळाच्या उशाशी ते नाव वाचलं आणि वॉर्ड डोक्यावर घेतला. सुपरवायझरपुढे मावशीने चष्म्याचं निमित्त सांगितलं. मला मात्र तिने वाळवणीच्या खोलीत ओढून नेलं आणि खरं काय ते सांगितलं.

"मला ते लिहिलेलं दिसतं गं," ती म्हणाली. "कळत नाही."

तिचं स्वतःचं एक शास्त्र होतं, तेही तिने मला ऐकवलं. वाचणं म्हणजे खुणा ओळखणं. तुम्ही शिकलेली माणसं डोक्यात जास्त खुणा ठेवता, माझ्या डोक्यात कमी मावतात, बाकी फरक काही नाही. मी तिला अक्षरं आणि त्यांचे आवाज वगैरे समजवायला गेले, पण ते पालथ्या घड्यावर पाणी. मग मी सोपा उपाय केला. ठिगळं लावता लावता काळ्या शाईच्या चादरीही मागून घेऊन त्यांच्या काठाला रंगीत दोऱ्याचा एकेक टाका घालून ठेवायला लागले, बाळंतिणींना निळा, शस्त्रक्रियेला लाल. ती निवृत्त होईपर्यंत आमचं हे गुपचूप चाललं. कोणाला बोलणार नाही असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. मी बोललेही नाही. तोंडाची फटकळ आहे मी, पण पोटात ठेवायचं ते ठेवते.

आम्ही राहायलाही एकाच इमारतीत, भिंतीला भिंत लागून. ती निवृत्त झाली त्याच सुमाराला तिच्या घरी नात आली, ती कायमचीच. मावशीची मुलगी लांबच्या शहरात एका म्हाताऱ्या माणसाची दिवसरात्र काळजी घ्यायच्या कामावर होती. तिथे लहान मूल ठेवायची परवानगी नव्हती. जावयाचं नाव काढायचं नाही असा त्या घरचा नियम होता, म्हणून मीही काढत नाही. पोरगी तीन-साडेतीन वर्षांची होती आणि एका जागी म्हणून बसायची नाही. तिला सगळे भिंगरी म्हणायला लागले आणि गठ्ठामावशीची गठ्ठाआजी झाली.

बालवर्गात भिंगरीला घालायच्या वेळी तिथल्या बाईंनी सगळ्या पालकांना बोलावून चार गोष्टी सांगितल्या. मुलांना रोज मांडीवर घेऊन पुस्तक वाचून दाखवा. घरातल्या वस्तूंवर त्यांची नावं लिहून चिकटवा. या वयात जे डोक्यात जातं ते जन्मभर राहतं. बाई मनापासून बोलल्या असणार, त्यात खोटं काही नाही. फक्त, घरी वाचणारं कोणीतरी असतं असं त्या धरून चालल्या होत्या. गठ्ठाआजी तिथून थेट माझ्याकडे आली आणि दिलेला चहा तसाच ठेवून बोलत सुटली. तिचं म्हणणं, स्वतःला उशीर झाला, थोरलं डोकं भरून गेलेलं असतं. मुलीच्या वेळी घरात दोन माणसं आजारी होती, ती पोर चौथीतून शाळा सोडून घरी बसली. पण भिंगरीचं डोकं अजून मोकळं आहे, त्यात पाहिजे तेवढ्या खुणा मावतील. "माझ्यासारखी नाही होऊ द्यायची मला ही," एवढं म्हणून मग तिने गार झालेला चहा एका घोटात संपवला.

दुसऱ्या दिवशी तिने धुलाईखान्याच्या भांडारवाल्याला गाठलं. जुन्या फाटक्या चादरींच्या पट्ट्या कापून आणल्या आणि त्यांच्यावर त्याच्याकडून नावं लिहून घेतली. त्याच शाईने आणि आपल्याच पद्धतीने. दाराला लाल, डाव्या कोपऱ्यात. खिडकीला निळा, उजव्या. खुर्चीला हिरवा, मधोमध. भांडारवाल्याने विचारलं, म्हातारे, घराचं रुग्णालय करतेस काय? ती म्हणाली, तू लिही. बादली, पलंग, आरसा, पाण्याचं पिंप, सगळ्यांना पट्ट्या लागल्या. उशीला तर तिने चक्क शिवून टाकली. येणारा जाणारा हसायचा. भिंगरी मात्र घरभर पळत सुटायची आणि हात लावून ओरडायची, दार, खिडकी, खुर्ची, पलंग. एकही चुकायची नाही. गठ्ठाआजीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

आणि पुस्तक. भिंगरीला सोडायला येताना तिच्या आईने एक चित्रांचं पुस्तक आणलं होतं. त्यात एक बकरी, एक म्हातारा, एक गाडी. रोज संध्याकाळी आजी नातीला मांडीवर घ्यायची, पान उघडायची आणि बोट फिरवत "वाचायला" लागायची. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. सोमवारी बकरी गाडीचं चाक खायची. मंगळवारी तीच बकरी गाडी हाकायची आणि म्हातारा मागून पळायचा. एकदा तर बकरी म्हाताऱ्याला घेऊन रुग्णालयात आली आणि चादर बदलून द्या म्हणून हटून बसली. मी हातातलं काम टाकून ऐकत बसायचे. असं पुस्तक मी माझ्या जन्मात वाचलं नाही. भिंगरी ते पुस्तक घेऊन इमारतीत दारोदार जायची, बोट फिरवत नवी गोष्ट सांगायची, आणि शेजारणी तोंडात बोट घालायच्या, की एवढीशी पोर आणि घडाघडा वाचते. पान उघडून खाली काय लिहिलंय ते बघायची तसदी कोणी घेतली नाही.

मला शंका आली ती खुर्चीमुळे. माझ्या घरी एकदा भिंगरी खेळत असताना मी गंमत म्हणून त्यांच्या खुर्चीची सुटलेली पट्टी तिच्यापुढे धरली आणि विचारलं, हे काय आहे? ती पट्टी तिने उलटी करून पाहिली. हिरवा रंग पाहिला, पण हिरव्या पट्ट्या घरात आणखीही होत्या. मग तिने पट्टीकडे बघायचं सोडलं आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. माझे ओठ कुठल्या दिशेला हलतात ते बघत ती सावकाश म्हणाली, "खु...?" मी नकळत मान हलवली असणार, कारण लगेच पुढचं आलं, "खुर्ची." मग मी कागदावर पेनाने तोच शब्द लिहिला. पोरगी कागद बघतच नव्हती, माझा चेहरा वाचत होती. तो चेहरा मी दगडासारखा ठेवला, तेव्हा ती म्हणाली, सुईमावशी, मला सू लागली.

मी गठ्ठाआजीला जाऊन सरळ सांगितलं, की पोरगी रंग ओळखते आहे आणि जागा ओळखते आहे, अक्षर एक नाही. तुझ्या त्या काळ्या चादरींच्या वेळी काय झालं ते विसरलीस का? हे मी बोलायला नको होतं असं लोक म्हणतील, पण मी आहे ती अशी आहे. ते तिच्या वर्मी लागलं. ती म्हणाली, तू चादरींना ठिगळं लाव, माझ्या घराला लावू नकोस. आधी रंगाने ओळखेल, मग आपोआप कळायला लागेल, मूल चालायच्या आधी रांगतंच ना. मी म्हटलं, तू आयुष्यभर रांगलीसच की. त्यानंतर आमचा अबोला झाला, तो पाऊस येऊन गेला तरी टिकला. शेवटी भिंगरीला ताप आला तेव्हा तीच माझं दार वाजवत आली, आणि आम्ही दोघींनी झालेलं विसरल्यासारखं केलं.

मग पहिली. मोठी शाळा, लांबट वर्ग, बाकावर दाटीवाटीने बसलेली मुलं. पहिल्याच महिन्यात बाईंनी भिंगरीला उभं करून धडा वाचायला सांगितला. धड्याच्या वर एका तळ्याचं चित्र होतं. भिंगरीने पुस्तक छातीशी धरलं, बोट लावलं आणि सुरू झाली: एक तळं होतं, त्यात एक म्हातारा पडला, मग बकरी म्हणाली... सगळा वर्ग खो खो हसला. बाई म्हणाल्या, अगं, लिहिलंय ते वाच. भिंगरीला कळेचना. तिने पान उलटलं आणि दुसरी गोष्ट सुरू केली. तिच्या लेखी वाचणं म्हणजे हेच होतं, आणि त्यात हसण्यासारखं काय आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. घरी येऊन तिने आजीला विचारलं, बाईंना बकरी आवडत नाही का?

बाईंनी आजीला बोलावलं. ती मला सोबत घेऊन गेली, कागद वाचायची वेळ आली तर असावी म्हणून. वर्ग सुटलेला होता, बाकांखाली पेन्सिलींचा कचरा पडला होता. बाई तरुण होत्या, दमलेल्या होत्या, आणि वाईट अजिबात नव्हत्या. वाईट असत्या तर मला बरं पडलं असतं, चार शब्द सुनावता आले असते. त्यांनी विचारलं, घरी कोण शिकवतं? आजी मान ताठ करून म्हणाली, मी. ते दार, खिडकी, पुस्तक, सगळं तिने अभिमानाने सांगितलं. फक्त एक गोष्ट सांगितली नाही. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आजी, तुमची तळमळ कळते मला," त्या म्हणाल्या. "पण आता घरी काही शिकवू नका. तिला आधीचं विसरायला लावण्यातच माझा वेळ जातोय."

आजीने डॉक्टरांपुढे हलवावी तशी मान हलवली. घरी गेल्यावर तिने माझ्याकडून कात्री मागून घेतली आणि एकेक पट्टी उसवून काढली. उशीवरची काढताना उशीही थोडी फाटली, ती मी शिवून दिली. पुस्तक कपाटावर गेलं. भिंगरी संध्याकाळी मांडीवर येऊन बसली तेव्हा आजीने तिला खाली उतरवलं आणि सांगितलं, बाईंनी नाही म्हटलंय. बाईंनी गोष्टींना नाही म्हटलं नव्हतं. पण आजीला शिकवणं काय आणि गोष्ट सांगणं काय, यातली रेघ माहीत नव्हती, आणि आता कुठे चूक होईल या भीतीने तिने बोलणंच आवरतं घेतलं. भिंतीपलीकडून मला नुसती भांडी ऐकू यायला लागली. करायला गेली एक आणि होऊन बसलं भलतंच.

शाळेत पन्नास-साठ मुलांत एका पोरीला किती वेळ मिळणार? मग मी भिंगरीला माझ्याकडे बसवायला लागले. मला वाटलं, एवढी चलाख पोर, महिनाभरात मार्गाला लागेल. तिची चलाखीच आडवी आली. एकदा ऐकलेलं तिला पाठ व्हायचं, मग पानाकडे बघायची गरज काय? वर्गात ती शेजारणीला आधी वाचायला लावायची आणि मग तेच घडाघडा म्हणायची. अडली की खोकायची, पाणी मागायची, नाहीतर असं काही बोलायची की समोरचा हसून विसरून जायचा. मी रागावले की ती घाबरायची, आणि घाबरली की अक्षरं आणखीच पळायची. माझ्या अंगात शिक्षकाचा गुण नाही, हे मला तेव्हा कळलं. दुसरी सरली, तिसरी आली. सगळ्यांना पुढे ढकलतात तसं तिलाही ढकललं.

गठ्ठाआजी कधीकधी माझ्या दारात उभी राहून आमची शिकवणी बघायची. एके दिवशी भिंगरी एका शब्दाशी अडली आणि डोळे चोळत म्हणाली, आज अंधूक दिसतंय. आजीने दाराची चौकट घट्ट धरली. भिंगरी गेल्यावर ती मला म्हणाली, "खोकणं, पाणी, डोळे चोळणं, समोरच्याच्या तोंडाकडे बघणं. हे सगळं माझं आहे. मी तिला शिकवलं नाही गं, सुईवाले, देवाशपथ शिकवलं नाही." न शिकवता मुलं जे शिकतात त्याला काय करणार?

शेवटी तिने काय करायचं ठरवलं ते तिने मला आधी सांगितलं, आणि मी तिला सांगितलं की कर. जन्मभर जे झाकलं ते नातीपुढे उघडं करायचं. भिंगरीला तर वाटायचं की आजीला वाचता येतं. तिने आजीला आख्खं पुस्तक वाचताना ऐकलेलं होतं ना. आजीचा हिशोब असा की खरं कळलं की पोर घाबरेल, वाचता न येणारं माणूस कसं जगतं ते तिला दिसेल, आणि ती चवताळून अभ्यासाला लागेल. मलाही तो हिशोब पटला. आम्हा दोघींकडे दुसरा काही उरलाच नव्हता.

रविवारची दुपार होती. भिंगरी माझ्याकडे पुस्तकापुढे मान खाली घालून बसली होती. गठ्ठाआजी आत आली आणि माझ्या पलंगाच्या कडेवर बसली. तिने सुरुवात केली आणि मग थांबता येईना. चादरींचे रंग, शवागाराचा गठ्ठा, चष्म्याचं खोटं निमित्त. दुकानात चुकीची वस्तू घेऊन आल्यावर गप्प राहिलेलं. मुलीची पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायची, आणि त्या दुसऱ्यासमोर रडायचं नाही. बकरीच्या गोष्टी पुस्तकात नव्हत्याच, त्या मनाने सांगितल्या होत्या. पन्नास वर्षं मी माणसांना चुकवत जगले, ती म्हणाली, सतत भीती, की आता कोणीतरी कागद हातात देईल. आणि मग ती रडायला लागली. धुलाईखान्यात एवढी वर्षं काढली, पण मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं.

भिंगरी ऐकता ऐकता हळूहळू मान वर करत गेली. तिच्या चेहऱ्यावर मी भीती शोधत होते. तिथे भीती नव्हती. कपाळावरची आठी, जी पहिलीपासून तिथेच बसली होती, ती सुटत चालली होती. ती उठली, आजीच्या मांडीवर चढली, एवढी मोठी झाली होती तरी चढली, आणि तिने आजीचं तोंड आपल्या फ्रॉकने पुसलं.

"तुला पण येत नाही?" तिने विचारलं. "मला वाटलं फक्त मलाच येत नाही."

आजी म्हणाली, नाही गं बाळा, म्हणूनच तर सांगते, तू शिक. भिंगरीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ती आजीला थोपटत होती, लहान मुलाला थोपटतात तसं.

"रडू नको," ती म्हणाली. "तू किती छान आहेस. मी तुझ्यासारखीच होणार."

तिने हात लांब करून पुस्तक मिटलं आणि बाजूला सारलं. रागाने नाही, अगदी सहज, काम संपल्यावर सारतात तसं. गठ्ठाआजीने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलावं असं तिला वाटत होतं. तेवढ्या प्रेमाने बोललेल्या पोरीला तू चुकतेस असं कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि नाही सांगितलं तर?

मग आजी तिला घेऊन घरी गेली. मी भिंतीला टेकून बसून होते. पलीकडे ताट मांडल्याचा आवाज आला, मग भिंगरीचा, हसण्याचा. शाळा सुरू झाल्यापासून ती पोर घास चिवडत बसायची. त्या दिवशी ती मागून मागून जेवली, आणि आजी तिला वाढत राहिली.